अभिमान स्वदेशी, कुपी परदेशी

२३ जुलै २०२४ रोजी मांडल्या गेलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात दोन निर्णय एकाच वेळी आले. पहिल्याने कर्करोगावरील तीन औषधांचे सीमाशुल्क शून्यावर आणले. त्यांपैकी एक होते ड्युरव्हॅल्युमॅब, म्हणजे ‘पीडी-एल१’ या प्रथिनाला अडवणारे प्रतिपिंड. दुसऱ्या निर्णयाने प्रयोगशाळांसाठी लहान वेष्टनांत येणाऱ्या रसायनांवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्क्यांवर नेले. पहिल्या निर्णयाचे दुसऱ्या दिवशी मथळे झाले. दुसऱ्याची दखल वैज्ञानिकांनी ओरड केल्यावर घेतली गेली. इथिल अल्कोहोलचा गैरवापर रोखणे हा त्यामागचा हेतू होता, असे नंतर कळले. आणि स्वतःच्या वापरासाठी आयात करणाऱ्यांना जुना दर थोड्याच दिवसांत परत मिळाला. चूक सुधारली गेली, ही गोष्ट मान्य. परंतु तयार औषध स्वस्त व्हावे म्हणून झटणाऱ्या व्यवस्थेला ते औषध ज्या प्रयोगशाळेतून जन्म घेते तिचा विसर पडू शकतो, हे त्या एका दस्तऐवजाने उघड केले. हा विसर अपघाताने पडलेला नाही. भारतीय विज्ञानाच्या बातम्या लिहिणाऱ्यांना, वाचणाऱ्यांना आणि घडवणाऱ्यांना जडलेली ती जुनी सवय आहे.

या सवयीचे मोजमाप करायचे तर एखादी लहानशी कुपी पुरेशी आहे. उणे ऐंशी अंशाच्या शीतकपाटात ठेवलेली, चिमटीत मावणारी, तळाशी जेमतेम दिसेल इतकी पांढरी भुकटी असलेली कुपी. वेष्टनावर लिहिलेले असते: मानवी पीडी-१, पुनःसंयोजित, १०० मायक्रोग्रॅम, केवळ संशोधनासाठी. अशा कुपीची किंमत काहीशे डॉलरच्या घरात जाते. ती सहसा परदेशातून, शीतसाखळीतून, सीमाशुल्काच्या दारातून येते. तिच्याविना अडणारे संशोधन मात्र येथले असते, आणि त्या संशोधनाची वाट पाहणारा रुग्णही येथलाच.

आधी हे प्रथिन काय करते ते पाहू. शरीरातील टी-पेशी परक्या किंवा बिघडलेल्या पेशींवर तुटून पडतात. पण हल्ला कोठे थांबवायचा हेही त्यांना कळावे लागते, नाहीतर शरीर स्वतःलाच खाऊन टाकील. त्यासाठी टी-पेशींच्या पृष्ठभागावर काही ग्राही प्रथिने असतात. त्यांना ‘चेकपॉइंट’ म्हणतात, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेचे तपासनाके. सीटीएलए-४ हा असाच एक नाका, पीडी-१ हा दुसरा. पीडी-१चे जनुक क्योतो विद्यापीठातील तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधले. अनेक अर्बुदे आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन मिरवतात. ते टी-पेशीवरील पीडी-१ला जाऊन भिडले, की टी-पेशीचा जोर ओसरतो. चोराने पहारेकऱ्याला खुणेचा शब्द सांगावा आणि पहारेकऱ्याने वाट मोकळी करावी, तसा हा प्रकार. ही भेटच होऊ न देणारी प्रतिपिंडे म्हणजे आजच्या कर्करोग-चिकित्सेतील मोठी क्रांती. जेम्स अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना २०१८चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले.

आता प्रयोगशाळेतील कुपीचे काम. औषध म्हणून टोचले जाते ते प्रतिपिंड. पण ते प्रतिपिंड पीडी-१ला किती घट्ट पकडते, नव्या रेणूने ही पकड सुटते का, रुग्णाच्या रक्तात औषध किती दिवस टिकले, हे सारे मोजण्यासाठी शुद्ध पीडी-१ हाताशी असावे लागते. तबकडीच्या खाचांत पीडी-१चा थर द्यायचा, त्यावर रुग्णाचे रक्तद्रव सोडायचे आणि अडकलेले औषध मोजायचे, ही त्याची सर्वांत साधी रीत. थोडक्यात, औषध हे कुलूप उघडणारी किल्ली असेल, तर पुनःसंयोजित प्रथिन हे प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलेले कुलूप. स्वतःजवळ कुलूपच नसेल तर किल्ल्या घडवण्याच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही.

ही पढीक चर्चा नव्हे. तिचा संबंध मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालयाशी आहे, आणि मावा, खैनी, गुटख्याने तोंड गमावलेल्या हजारो माणसांशी आहे. या रुग्णालयातील वैद्यांनी डोके-मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक यादृच्छिक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. स्वस्त तोंडी औषधांच्या मिश्रणाला त्यांनी निव्होल्युमॅबची, म्हणजे पीडी-१ला अडवणाऱ्या प्रतिपिंडाची, दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली. प्रचलित मात्रा आहे दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हयातीचा मध्यक ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. पूर्ण मात्रा ज्यांच्या स्वप्नातही नव्हती, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष म्हणजे नुसती आकडेवारी नव्हती.

या चाचणीचे मोल तिच्या प्रश्नात आहे. ‘महाग औषध गरिबाला कसे परवडवायचे’ हा प्रश्न सरकारे विचारतात. टाटाच्या वैद्यांनी विचारले, ‘मुळात इतके औषध लागते का?’ हा प्रश्न औषध विकणाऱ्याला कधीच पडणार नाही. तो गरजवंत देशातच पडू शकतो. त्याचे पुढचे टप्पेही येथेच उलगडले पाहिजेत. वीस मिलिग्रॅमने टी-पेशींवरील किती पीडी-१ झाकले जाते? कोणत्या रुग्णात औषध लवकर ओसरते? फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या कर्करोगातही कमी मात्रा पुरेल का? या प्रत्येक प्रश्नाच्या वाटेवर ती कुपी उभी आहे. मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेला ती विकत घेता येईल. परंतु नागपूर, संभाजीनगर किंवा लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तरुण संशोधकाने शंभर रुग्णांचे नमुने महिन्या-महिन्याला मोजायचे ठरवले, तर त्याचा निम्मा निधी रुग्णाऐवजी कुप्यांवर जाईल. म्हणून तो तसे ठरवतच नाही. परवडत नाही म्हणून न विचारलेले प्रश्न कोणत्याही अहवालात मोजले जात नाहीत. आयातीवर जगणाऱ्या विज्ञानाचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे, आणि तो अदृश्य आहे.

मग हे प्रथिन करणे इतके अवघड आहे का? पीडी-१ची २८८ अमिनो आम्लांची साखळी सार्वजनिक आहे. ती जगातील कोणालाही वाचता येते. पेशीबाहेर डोकावणारा तिचा भाग तेवढा हवा असतो. त्याचे जनुक प्लाझ्मिडात बसवायचे, मानवी मूत्रपिंडाच्या मूळच्या ‘एचईके-२९३’ पेशींत सोडायचे, त्या पेशींनी भोवतालच्या द्रवात ओतलेले प्रथिन स्तंभांतून गाळून शुद्ध करायचे. पदव्युत्तर अभ्यासक्रमातला विद्यार्थी हे टप्पे परीक्षेत लिहून गुण मिळवतो. जमलेल्या पद्धतीत एका लिटर संवर्धनातून दहा मिलिग्रॅम मिळणे अचंब्याचे नाही. आणि दहा मिलिग्रॅम म्हणजे अशा शंभर कुप्या.

येथे स्वदेशीचे उतावीळ भक्त टाळ्या वाजवतील. त्यांनी जरा थांबावे. कुपीची किंमत प्रथिनाची नसते, विश्वासाची असते. पीडी-१वर साखरेच्या शृंखला जोडल्या जाण्याच्या चार जागा आहेत. जिवाणूत हे प्रथिन बनवले तर त्या साखरा लागत नाहीत, प्रथिनाचे गोळे होतात आणि ते पुन्हा उलगडून नीट घडी घालण्याची उस्तवार करावी लागते. शिवाय काही प्रतिपिंडांची पकड त्या साखरेवरच अवलंबून असल्याचे आढळले आहे. जिवाणूंच्या भित्तिकेतले एंडोटॉक्सिन लेशभर उरले तरी रोगप्रतिकार पेशी त्यानेच चवताळतात, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्या रेणूने चमत्कार केला. सुट्या पीडी-१ आणि पीडी-एल१ यांची परस्परांवरील पकड मुळात सैल असते. प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून पुंजके झाले असतील तर तीच पकड खोटीच घट्ट दिसते. म्हणून प्रत्येक खेप शुद्धतेला, पुंजक्यांना, एंडोटॉक्सिनला आणि प्रत्यक्ष पकडीला तपासावी लागते. सहा महिन्यांनी आलेली खेप पहिल्या खेपेसारखीच वागते, हे दाखवावे लागते. परदेशी कंपनी हे काम करते आणि त्याचे पैसे घेते. त्यात लबाडी नाही. खेदाची गोष्ट एवढीच, की ते काम येथे सार्वजनिक जबाबदारी मानून कोणी उभे केले नाही.

उलट ते काम गुपचूप विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकले गेले. ‘कुपी महाग आहे, तूच बनव,’ हे वाक्य किती प्रयोगशाळांत उच्चारले जात असेल! मग एका शहरात एक मुलगी सहा महिने पीडी-१ शुद्ध करते. दोनशे मैलांवर दुसरा मुलगा तेच प्रथिन तसेच धडपडत शुद्ध करतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, दोघांच्या खेपा एकमेकींशी ताडून पाहिल्या जात नाहीत, आणि दोघांच्या प्रबंधांत त्या श्रमाला एक परिच्छेद मिळतो. याला काटकसर म्हणतात. २०२३च्या सुधारणेनंतर कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७ हजार रुपये आहे. म्हणजे सहा महिन्यांची किंमत २ लाख २२ हजार रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. तेवढ्यात कितीतरी कुप्या आल्या असत्या. प्रथिन बनवायला शिकणे हे उत्तम शिक्षण आहे, यात वाद नाही. पण तेच प्रथिन देशभर शंभरदा पहिल्यापासून बनवणे हे शिक्षण नव्हे, ती वेठबिगारी आहे. विद्यार्थ्याचा वेळ फुकट आहे, असे मानणारी व्यवस्था विज्ञान स्वस्त करत नाही. ती तरुण आयुष्ये स्वस्त करते.

या सगळ्याचा इतिहास पाहायचा तर लखनौला जावे. हजरतगंजातून महात्मा गांधी मार्ग जातो. त्याच मार्गावर १९६५ साली स्थापन झालेली, आज भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. तेथून फार दूर नाही अशी, गोमतीच्या काठची नवाबी वास्तू म्हणजे छत्तर मंझिल. या महालात १७ फेब्रुवारी १९५१ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. नवाबांच्या दालनांत परीक्षानळ्या आल्या. त्या संस्थेने सेंटक्रोमन हा रेणू घडवला. १९९१ साली ‘सहेली’ या नावाने आलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची ती गर्भनिरोधक गोळी संप्रेरकरहित होती, स्वस्त होती आणि जगाकडे तिला जोड नव्हती. पुढे ‘छाया’ या नावाने ती राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळू लागली. संस्था आता शहराच्या उत्तरेस जानकीपुरम विस्तारात गेली आहे. पण छत्तर मंझिलने शिकवलेला धडा जुना झालेला नाही.

तो धडा असा. सेंटक्रोमन घडू शकले, कारण त्या पिढीने औषधाबरोबर औषधाखालची जमीनही तयार केली होती. संश्लेषण करणारे हात, रेणू तपासणारी यंत्रे, प्राण्यांवरील चाचण्या, विषारीपणाची परीक्षा, हे सारे एकाच शहरात उभे केले गेले. ते रसायनांचे युग होते. आजचे युग प्रथिनांचे आणि पेशींचे आहे, आणि त्याखालची जमीन म्हणजे जनुके, पेशी-वंश, शुद्ध प्रथिने आणि प्रमाणित खेपा. जी कल्पकता १९५१ साली महालाची प्रयोगशाळा करू शकली, ती आज कुपी बनवू शकत नाही, असे कोणी म्हणू नये. तिला तसे कोणी सांगितलेलेच नाही.

हजरतगंजाने आणखी एक सूचक गोष्ट करून ठेवली आहे. २०१०च्या सुमारास या जुन्या बाजारपेठेचा कायापालट झाला. दुकानांना एकसारखा रंग आणि एकसारख्या पाट्या मिळाल्या. बाजाराला ते शोभून दिसते. विज्ञानाला शोभत नाही. बाहेरून घाऊक प्रथिन आणून येथे लहान कुप्यांत भरायचे, वर देशी पाटी लावायची आणि त्याला आत्मनिर्भरता म्हणायचे, हा मार्ग सोपा आहे. म्हणूनच त्यापासून सावध राहिले पाहिजे. कुपी कोठे भरली याला महत्त्व नाही. जनुक कोणाच्या हाती आहे, पेशी कोणाच्या आहेत, खेप बिघडली तर ती का बिघडली हे सांगू शकणारा माणूस कोठे बसतो, हे महत्त्वाचे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला आक्षेप असा, की जगभर श्रमविभागणी असते, सगळेच घरी कशाला बनवायचे? उत्तर असे, की सगळे बनवू नये. परंतु ज्या वस्तूविना देशातील हजारो प्रयोग थांबतात, तिच्यासाठी एकच दार ठेवणेही शहाणपणाचे नाही. २०२० साली करोनाच्या पहिल्या महिन्यांत चाचणी-संचांतील घटकांसाठी जगभर कशी ओढाताण झाली, ते फार जुने झालेले नाही. पुण्याच्या मायलॅबने त्या मार्चमध्ये देशी संचाला मान्यता मिळवली, तेव्हा देशाने सुटकेचा निःश्वास टाकला होता. संकटात आठवणारे शहाणपण संकट सरल्यावर टिकत नसेल, तर त्याला शहाणपण म्हणू नये.

दुसरा आक्षेप असा, की बाजार हे काम करील. बाजाराने मोठी कामे केली आहेत. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली देशी पुनःसंयोजित हेपॅटायटिस-बी लस आणली आणि त्या लसीची किंमत कोसळली. पण लस ही एक वस्तू आहे आणि तिचे ग्राहक कोट्यवधी. संशोधनाची प्रथिने हजारो आहेत आणि एकेकाचे देशातील ग्राहक मोजके. अशा ठिकाणी नफ्याचे गणित लवकर जमत नाही. बीजिंगची सिनो बायोलॉजिकल ही कंपनी २००७ साली सुरू झाली आणि आज तिची प्रथिने जगभर विकली जातात. म्हणजे वाट आहे, पण ती वर्षानुवर्षांच्या चिकाटीची आहे. तोवरची पोकळी सार्वजनिक संस्थांनीच भरायची असते.

तिसरा आक्षेप वैज्ञानिकांचा आहे आणि तो सर्वांत बोचरा आहे: देशी प्रथिनावर विश्वास कसा ठेवायचा? तो रास्त आहे. परंतु विश्वास आकाशातून पडत नाही. तपासणीचे कागद उघडे ठेवले की तो येतो. परदेशी कुपीचे प्रमाणपत्र न वाचता विसंबणारे आणि देशी कुपीचे प्रमाणपत्र वाचण्याआधीच नाक मुरडणारे, दोघेही सारखेच अवैज्ञानिक.

मग करायचे काय? मागणी फार मोठी नाही. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना पेशी-वंश पुरवते. नोएडाला राष्ट्रीय जैविक संस्था जैविक औषधांची परीक्षा करते. पेशींची पेढी आहे, परीक्षेची सोय आहे. प्रथिनांच्या बाबतीत त्या तोडीची सार्वजनिक सोय नाही. ती उभी करावी. रोगप्रतिकाराशी निगडित, सर्वाधिक लागणाऱ्या पन्नास प्रथिनांपासून सुरुवात व्हावी; त्यांत पीडी-१, पीडी-एल१, सीटीएलए-४ असावीत. त्यांची प्लाझ्मिडे कोणत्याही विद्यापीठाला टपालखर्चात मिळावीत. अमेरिकेत अ‍ॅडजीन ही ना-नफा संस्था २००४पासून प्लाझ्मिडे अशी वाटते. प्रत्येक खेपेची तपासणी, फसलेल्या खेपांसह, सर्वांना पाहता यावी. आणि ज्यांनी हे काम करायचे त्या तंत्रज्ञांना कायमची पदे, बढती आणि शोधनिबंधात नाव मिळावे; तीन-तीन वर्षांच्या कंत्राटावर खेपेची सलगता टिकत नाही.

पैसा नाही, ही सबब आता चालणार नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचे लक्ष्य जाहीर झाले. ऑगस्ट २०२४मध्ये मंत्रिमंडळाने जैवनिर्मितीसाठी ‘बायोई-३’ धोरण संमत केले. जुलै २०२५मध्ये संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली. जून २०२५मध्ये वैज्ञानिक संस्थांच्या थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली गेली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण तिने खरेदी सोपी झाली, निर्मिती नव्हे. परावलंबन अधिक सुरळीत करणे म्हणजे स्वावलंबन नव्हे.

आणि शेवटी बातम्यांविषयी. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारकात घडलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला, आणि त्याचा गौरव झाला तो योग्यच. कळसाचे कौतुक व्हावेच. पण कळस दिसला की पायाचा दगड कोठून आणला हे विचारणारा वाचकही हवा. पुढच्या वेळी ‘देशी इम्युनोथेरपी’चा मथळा झळकेल तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: यात वापरलेली प्रथिने कोणी बनवली? त्यांची खेप कोणी तपासली? आणि उद्या ती कुपी आली नाही, तर हे संशोधन किती दिवस चालेल? ज्या दिवशी या प्रश्नांची उत्तरे मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदात छापली जाऊ लागतील, त्या दिवशी ‘स्वदेशी’ या शब्दाला प्रयोगशाळेत अर्थ येईल. तोवर तो शब्द फक्त वेष्टनावर राहील.